चौघांची मॅच

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास मला तोंडपाठ आहे, आणि मी आयुष्यात कधी त्या बॉलला हात लावलेला नाही. त्या टीममधल्या एखाद्याशी लग्न करून बघा, तुम्हालाही होईल पाठ. नवरा एकटा येत नाही, सगळ्या ट्रॉफ्या घेऊन येतो. सिंगापूरला आल्यावर क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझा मिक्सर ठेवायला जागा नव्हती, पण टीमच्या गप्पांना होती.

तर ऐका. आमच्या पहिल्या प्रिन्सिपलांनी कुठल्याशा मिशनच्या शाळेत हा खेळ पाहिला, आणि परत आल्या आल्या मैदानातल्या चिंचेला लोखंडी कडं ठोकून घेतलं. पोरं मुरुमावर अनवाणी खेळायची. गुडघे फुटायचे, नखं निघायची, आणि त्याचंच कौतुक व्हायचं. मग सर आले. सर म्हणजे टीमचे कोच. पगार ड्रिल मास्तरचा आणि रुबाब सरसेनापतीचा. त्यांच्या काळात विद्यापीठाची ट्रॉफी आमच्या कॉलेजात अशी मुक्कामाला आली की बाकीच्यांनी तिची आशाच सोडली. सरांनी कधी कुणाला नावानं हाक मारली नाही. बनियनवरचा नंबर हेच नाव. टीममध्ये नवीन घेतलेल्या पोरानं पहाटे उठून कोर्टवर पाणी मारायचं आणि मग उठाबशा काढत आजवरच्या सगळ्या कॅप्टनांची नावं ओळीनं म्हणायची. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पोरं ओकायची. सर म्हणायचे, ओका खुशाल, पण नाव गाळू नका.

आणि पंगत. ही पंगत नीट समजून घ्या, कारण माझ्या संसाराची वाट तिनं लावली. प्रत्येक मॅचनंतर, जिंकलेली असो नाहीतर हरलेली, टीम होस्टेलच्या मेसमध्ये जमिनीवर जेवायला बसायची. त्या दिवशी जे कोर्टावर उतरले ते बसणार. जे बेंचवरून उठलेच नाहीत ते वाढणार. मिनिटभर खेळलेला चालेल, पण खेळलेला पाहिजे. वाढणाऱ्यांनी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, आणि तेही उभ्यानं. सर म्हणायचे, भूक लागली की पाय आपोआप हलतात. माझा नवरा पंधरा नंबर. पंधरा हा शेवटचा नंबर. तीन वर्षं त्यानं लोकांना पोळ्या वाढल्या.

आता ती फायनल. मी तेव्हा एस.वाय.ला होते आणि मैत्रिणींबरोबर पायऱ्यांवर बसले होते. मॅच अशी अटीतटीची की शेजारचीनं माझ्या दंडात नखं रुतवलेली. आमच्या मुख्य पाचांपैकी एक जण फाउल होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी गेलेलाही थोड्या वेळानं फाउल होऊन बाहेर. शेवटची दोन मिनिटं उरलेली, आम्ही एका पॉइंटनं पुढे. सरांनी बेंचकडे पाहिलं. बेंचवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, अगदी फळ्यावर गणित सोडवायला बोलावल्यावर वर्ग घालतो तशा. एकटा पंधरा नंबर ट्रॅकपँट काढत होता. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

दोन मिनिटांत त्यानं एकही बास्केट टाकला नाही. बॉलसुद्धा बहुतेक त्याच्या हाती आला नाही. समोरच्या टीमचा जो सांड होता, ज्यानं तोवर आम्हाला धुतलं होतं, त्याच्या पुढ्यात हा काडीपैलवान हात पसरून उभा राहिला. सांड डावीकडे, हा डावीकडे. सांडानं कोपर मारलं, ह्याचा ओठ फाटला, बनियनवर रक्त. रेफरीनं पाहिलंच नाही, आणि हा जागचा हलला नाही. सांडाला त्या दोन मिनिटांत एक पॉइंट मिळाला नाही. शिट्टी झाली. सगळं कॉलेज कोर्टात घुसलं, चौघांना खांद्यावर घेतलं. हा तोंडावर हात धरून बाजूला उभा होता, आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडे गेले ती मी. पुढचं सगळं तिथून सुरू झालं. ज्या माणसाशी मी लग्न केलं तो मला त्या दोन मिनिटांत दिसला, हे मी लाजबीज सोडून सांगते.

त्या रात्रीच्या पंगतीला तो पहिल्यांदा बसला. ओठाला टाके, घास आत जाईना, पण बसला. सर ओळीतून फिरत आले आणि म्हणाले, "आज चौघांनी मॅच काढली. पाचवा आपला लिंबूटिंबू." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मला सांगताना हाही हसत होता, टाके धरून. मलाही तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मास्तर लोक करतात चेष्टा.

पण ती चेष्टा मेली नाही. पुढच्या वर्षीच्या पोरांनी ती ऐकली, त्याच्या पुढच्यांनी त्यातला लिंबूटिंबू काढून टाकला, आणि राहिले चौघं. आमची टीम फायनलची शेवटची दोन मिनिटं पाच जणांविरुद्ध चार जणांनी खेळली आणि जिंकली! मग कुणा शहाण्यानं विचारलं असणार, अहो, बेंचवर माणसं असताना चारच कशी खेळली? तर त्याचीही सोय झाली. होस्टेलला काविळीची साथ आली होती म्हणे, सगळा बेंच हॉस्पिटलात होता. आता कावीळ आली होती हे खरं, पण ती परीक्षेच्या वेळी, मॅच होऊन गेल्यावर. गोष्टीनं तिला उचललं आणि फायनलला नेऊन बसवलं. माझ्या नवऱ्याला कधीही न झालेली कावीळ झाली.

पुढे टीमचं मातेरं झालं. सर रिटायर झाले, ट्रॉफ्या बंद झाल्या, कोर्टच्या अर्ध्या भागात स्कूटर लागायला लागल्या. जिंकायचं थांबलं तसा इतिहास जास्तच फुगला. चौघांची मॅच हीच काय ती आमची इस्टेट. जगात कुठेही दोन माजी खेळाडू भेटले की पहिली तीच काढतात.

सिंगापुरात असे बरेच आहेत. आयटीवाले, बँकवाले, एखादा रिसर्चवाला. रविवारी सकाळी क्लेमेंटीला ब्लॉकखालच्या कोर्टवर जमतात, पोटं सावरत खेळतात. एकदा एक नवा मुलगा, नुकताच एम्प्लॉयमेंट पास मिळून आलेला, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आमच्याबरोबर होता. बुओना व्हिस्टापासून जुरोंगपर्यंत त्यानं माझ्या नवऱ्याला चौघांची मॅच सांगितली. हातवारे करून, डोळ्यांत पाणी आणून. आणि शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही तर त्याच बॅचचे ना? तुम्हाला किती वाईट वाटलं असेल, कावीळ नसती तर तुम्हीपण पाहिली असती!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं स्टेशन केव्हाच मागे पडलं होतं, पण हा मेला ऐकत उभा. "हो ना, फार वाईट वाटलं," म्हणाला. ओठावरच्या व्रणाबद्दल कुणी विचारलं तर स्कूटरवरून पडलो म्हणून सांगतो. मी घरी येऊन भांडले. तो म्हणाला, "जाऊ दे ना, काय फरक पडतो?"

पाया लेबार भागातल्या त्याच्या ऑफिसात माणसं त्याला टरकून असतात. तिथे कुणाच्या बापाची हिंमत नाही ह्याला गाळायची. आणि चौघांतला कॅप्टन, जो आता बुकित बातोकच्या एका काँडोत राहतो, त्याच्याकडे दर वर्षी माजी खेळाडूंची पंगत असते, तिथे हा कमरेला पंचा बांधून वाढतो. नियम तोच. आपल्या काळातल्या एखाद्या तरी फायनलला जे उतरले ते बसणार, बाकीचे वाढणार. ह्याची फायनल एकच, आणि त्या फायनलला हा कावीळ होऊन पडलेला. बरीच वर्षं मला वाटायचं, हौसेनं वाढतोय. मग एकदा पाहिलं की त्याच्यासाठी ताटच मांडलेलं नसतं.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळतच होते. पण माझी मुलगी सेकंडरी टूला, म्हणजे आपल्या आठवीला असताना शाळेच्या टीममध्ये गेली आणि त्यांच्या कोचनं तिला बेंचवर बसवून ठेवलं. पोर घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. एक दिवस मी तिला बापाची गोष्ट सांगितली. खरी. बेंचवरून उठलेला पंधरा नंबर, सांड, कोपर, रक्त. ती डोळे वटारून बापाकडे बघायला लागली. "रिअली आह, पप्पा?" तो आमटी ओरपत होता. "ममाला विचार, ती होती तिथे," म्हणाला, आणि गालात हसला.

त्यानंतरचे काही महिने आमच्या घरात सुखाचे होते. हा ऑफिसातून आला की कपडे बदलून दोघं ब्लॉकखाली जायची. पाय कसे ठेवायचे, समोरच्याच्या पोटाकडे बघायचं, डोळ्यांकडे बघायचं नाही, असं काय काय तो तिला शिकवायचा. मी वरून कपडे वाळत घालताना बघायचे. तिनं शाळेत सगळ्या मुलींना सांगितलं, माझ्या बाबांनी फायनल वाचवली. त्याला मी तेवढा खूश आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

आणि मग सर सिंगापूरला आले.

कॉलेजात नवं बंदिस्त कोर्ट बांधत होते आणि त्याच्या भिंतीवर चौघांचं मोठं चित्र निघणार होतं. सर म्हातारे झालेले, तेव्हा त्यांच्याच तोंडून टीमचा सगळा इतिहास फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा असं इथल्या पोरांनी ठरवलं. तोच कॉलेजात दाखवायचा, तोच पुढच्या पोरांनी पाठ करायचा. रविवारी दुपारी कॅप्टनच्या काँडोच्या फंक्शन रूममध्ये पंगत. मी नवऱ्याला म्हटलं, "हे बघ, सरांना सगळं माहीत आहे. ते एकदा म्हणाले की पाच होते, तर विषय संपला. पोरीसमोर म्हणू दे." तो म्हणाला, "तू काही बोलू नकोस." मी म्हटलं, "बघू."

स्विमिंग पूलला लागून असलेली ती काचेची खोली, खाली सतरंज्या, त्यावर ओळीनं केळीची पानं. बाहेरून जाणारे लोक वाकून बघत होते. सर मधोमध, शेजारी कॅप्टन, मग एकेका काळातले फायनलवाले. आम्हा बायकांना आणि मुलांना भिंतीकडे खुर्च्या. माझा नवरा श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाकून वाकून पानापानावर वाढत होता, आणि माझी मुलगी त्याच्याकडे बघत होती. "व्हाय पप्पा नॉट सिटिंग?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "थांब जरा."

सर बोलायला लागले. काय बोलतात हो! त्या बाबतीत मी नाव ठेवणार नाही. चिंचेचं झाड, मुरूम, अनवाणी पोरं, पहिली ट्रॉफी, सगळं डोळ्यांपुढे उभं केलं. समोर फोन धरून बसलेला पोरगा हलेना. मग फायनल आली. सर सावकाश म्हणाले, "दोन मिनिटं राहिली. मी बेंचकडे पाहिलं. बेंच रिकामा. मी चौघांना म्हटलं, पोरांनो, तुम्हीच."

मी उभी राहिले.

"सर, बेंच रिकामा नव्हता. पंधरा नंबर उतरला होता. मी पाहिलंय. तुम्ही त्याला पंगतीला बसवलंत त्या दिवशी. आणि आज त्याच्या हातात पातेलं आहे."

कॅप्टन म्हणाला, "वहिनी, अहो, आत्ता नको." मी त्याला म्हटलं, "तुम्ही तर गप्पच बसा. तुमच्यापासून चार हातांवर होता तो, त्याचं रक्त तुमच्या बुटावर पडलं होतं." कॅप्टन आपल्या पानातला भात चिवडायला लागला.

सर मात्र अजिबात गडबडले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठे बसला होता बाई?"

"पायऱ्यांवर."

"आणि कुणाकडे बघत होता? बॉलकडे की ह्याच्याकडे?"

सगळी पंगत फस्सकन हसली. खुर्च्यांवरच्या बायकासुद्धा हसल्या. माझे कान तापले, पण मी खाली बसले नाही. तेव्हा सर माझ्या नवऱ्याकडे वळले. आणि मी शपथेवर सांगते, त्या म्हाताऱ्याला सगळं आठवत होतं. त्याची नजर ह्याच्या ओठावर गेली, तिथे थांबली, आणि मग त्यानं विचारलं.

"काय रे पंधरा? होतास का तू कोर्टावर?"

हा पातेलं धरून उभा. पळीवरून श्रीखंड ओघळत होतं. सगळे बघत होते, पोरगी बघत होती. एक हो म्हणायचं होतं त्याला. हो म्हणायला काय लागतं?

"नाही सर," तो म्हणाला. "मला कावीळ झाली होती."

"मग बाई काय म्हणतायत?"

"तिची काहीतरी गल्लत होतेय सर. आधीची मॅच असेल."

सरांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि सतरंजीवर आपल्या शेजारी थाप मारली. "ये. बस इथे. टीमचा माणूस आहेस." कॅप्टननं सरकून जागा केली. कुणीतरी धावत जाऊन केळीचं पान आणलं. आणि माझा नवरा बसला! खरं खेळला होता तेव्हा एकदा, आणि आता नाही खेळलो म्हणाला म्हणून. टाळ्या वाजल्या. फोनवाला पोरगा म्हणाला, "सर, मधलं ते कट करतो, तुम्ही परत बेंचपासून घ्या." आणि सरांनी परत बेंचपासून घेतलं.

पातेलं खाली तसंच राहिलं होतं. कॅप्टन माझ्या मुलीला म्हणाला, "बाळा, जरा वाढतेस का?" ती उठली. माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण रागानं. "यू ब्लफ मी, ममा. आय टोल्ड द होल टीम ऑलरेडी, यू नो ऑर नॉट? सो पैसेह." पैसेह म्हणजे इथल्या बोलीत शरम. इतकी शरम वाटली तिला. मग तिनं पातेलं उचललं आणि वाकून पंगतीला वाढायला लागली. बापाच्या पानावर वाढताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं पानावर हात आडवा धरून थोडंच वाढ अशी खूण केली आणि जेवायला लागला. चवीनं जेवत होता, मी बघितलं.

मी न जेवता खाली बसस्टॉपवर जाऊन बसले. ऊन नुसतं भाजत होतं. बऱ्याच वेळानं दोघं आली. बसमध्ये पोरगी कानात इअरफोन घालून पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. हा माझ्या शेजारी.

"का?" मी विचारलं.

"सरांना सगळ्यांसमोर खोटं पाडू?"

"आणि मला पाडलंस ते?"

तो म्हणाला, "तुला कळत नाही. पाच जणांनी जिंकलेल्या मॅचा ढिगानं आहेत. ही चौघांची आहे म्हणून आपलं कॉलेज लोकांना माहीत आहे. मी त्यात घुसलो की ती एक साधी मॅच होते."

"होऊ दे ना साधी! पोरीला काय सांगणार आहेस?"

"पोरीला तू सांगितलंस. मी नाही सांगितलं." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट मऊ होता, जेवून तृप्त झालेल्या माणसाचा असतो तसा. "सरांनी विषय सोडला, कॅप्टननं सोडला, मीसुद्धा सोडला होता. मला खरंच आता आठवत नाही काही. एकटी तूच धरून बसलीस. त्या दिवशी तू मॅचला आली नसतीस ना, तर फार बरं झालं असतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"मग आपलं लग्नच झालं नसतं," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि आमचा स्टॉप आला म्हणून उठला.